झग्याच्या खिशातली चिठ्ठी : बरीच वर्षं न सुटलेल्या एका संकेताचं प्रकरण

पार्श्वभूमी

डिसेंबर २०१३. अमेरिकेतल्या मेन राज्यात सीअर्सपोर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या वस्तूंच्या एका बाजारात मेरीलँडमधल्या एका बाईंनी एक रेशमी झगा विकत घेतला. किंमत १०० डॉलर. बाई पुरातत्त्व संग्रहाचं काम पाहणाऱ्या, शिवाय जुन्या पोशाखांच्या शौकीन. त्यामुळे शिवण पाहूनच त्यांनी ओळखलं, की झगा १८८०च्या दशकाच्या मध्याचा आहे. कमरेखाली मागच्या बाजूला मोठा फुगवटा आणण्याची तेव्हा पद्धत होती, तसाच हा होता. आत 'बेनेट' असं नाव लिहिलेली एक पट्टी शिवलेली होती.

घरी नेऊन झगा उलटासुलटा करून पाहताना त्या फुगवट्याच्या घोळात एक खिसा हाताला लागला. सहज दिसणार नाही, असा. खिशात चुरगळलेले दोन कागद होते. त्यावर हाताने लिहिलेल्या इंग्रजी ओळी. त्यातली एक अशी :

बिस्मार्क ओमिट लीफेज बक बँक.

आणखी एक :

कॅलगरी क्यूबा अनगार्ड कन्फ्यूट डक फॅगन ईजिप्त.

समासात मध्येच वेळा टिपलेल्या. बाकी सगळं असंच. प्रत्येक शब्द वाचता येतो, बहुतेक शब्दांचा अर्थही कळतो, पण वाक्य म्हणून काहीच हाती लागत नाही. बाईंनी कागदांची छायाचित्रं आणि त्यांच्या वाचनाप्रमाणे मजकूर २०१४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. कुणाला जमलं तर पाहा, अशा भावनेनं. पुढची जवळजवळ दहा वर्षं हा मजकूर हौशी लोकांच्या हातात फिरत राहिला. क्लाउस श्मे या जर्मन लेखकाने न उलगडलेल्या पन्नास सांकेतिक संदेशांची यादी केली, त्यातही त्याला जागा मिळाली.

ज्यांना कागद सापडले त्यांचं नाव मी मुद्दाम देत नाही. प्रकरण समजायला त्याची गरज नाही.

अडचण

गुप्त मजकुराचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात अक्षरं बदललेली असतात, म्हणजे 'क'च्या जागी 'प', 'प'च्या जागी 'म' वगैरे. लहानपणी च-ची भाषा बोललेल्यांना हा प्रकार वेगळा सांगायला नको; 'मला'चं 'चलाम' होतं, नियम एकदा कळला की सगळं उलगडतं. अशा मजकुरावर अक्षरमोजणी चालते. इंग्रजीत 'ई' सर्वांत जास्त वेळा येतो, तेव्हा गुप्त मजकुरात जे अक्षर सर्वांत जास्त तो 'ई' असावा, अशी सुरुवात करता येते. डोकं आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर घरबसल्या हे करता येतं, म्हणून हौशी माणसांना हा प्रकार आवडतो.

दुसऱ्या प्रकारात अख्खा शब्द एखाद्या अर्थाच्या जागी ठेवलेला असतो, आणि कोणता शब्द कशाच्या जागी हे एका छापील पुस्तकात असतं. ते पुस्तक नसेल तर अक्षरं मोजून उपयोग नाही, कारण अक्षरं बदललेलीच नाहीत. 'ओमिट' हा सरळ साधा इंग्रजी शब्द आहे. त्याचा अर्थ त्या पुस्तकाच्या पानावर आहे, शब्दात नाही.

झग्यातला मजकूर दुसऱ्या प्रकारचा आहे, हे जाणकारांना फार उशिरा कळलं असं नाही. तारेचा जमाना, एकामागून एक सुटे शब्द, समासात वेळा. हा तारेचा संकेत असावा, असा अंदाज अनेकांनी लवकरच बांधला होता. अडलं होतं ते पुढे : कोणत्या पुस्तकातला?

तारेला शब्दागणिक पैसे पडत. आपल्या घरांत 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' एवढ्या चार शब्दांत आख्खी बातमी यायची, ती पैशांमुळेच. दिवाळीची किंवा लग्नाची तार करायची तर पोस्टात ठरलेल्या वाक्यांची क्रमांकवार यादी असे. पाठवणारा नुसता आकडा द्यायचा आणि पलीकडच्या माणसाच्या हातात पूर्ण शुभेच्छा पडायच्या. (आपली तारसेवा बंद झाली जुलै २०१३ मध्ये. हा झगा सापडला त्याच वर्षाच्या डिसेंबरात.) व्यापाऱ्यांचं काम मोठं, म्हणून त्यांची पुस्तकंही मोठी. १८७३ मध्ये निघालेला 'एबीसी कोड' हे त्यातलं गाजलेलं नाव. याशिवाय रेल्वे, खाणी, धान्यबाजार, गुरांचा व्यापार, जो तो आपापलं पुस्तक काढत असे. एकाच शब्दाचा अर्थ एका पुस्तकात 'माल रवाना केला' तर दुसऱ्यात भलताच काही.

समोर आलेले पर्याय

लोकांनी काय काय तर्क केले, ते पाहण्यासारखं आहे.

एक तर्क हेरगिरीचा. अमेरिकेच्या यादवी युद्धातला गुप्त निरोप असावा, असं काहींना वाटलं. पण ते युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि झगा त्यानंतर वीसेक वर्षांनी शिवलेला. 'बिस्मार्क' या शब्दानेही डोळे फिरण्यासारखेच होते. १८८०च्या दशकात बिस्मार्क म्हणजे जर्मनीचा चॅन्सेलर; त्याच्या शेजारी क्यूबा, ईजिप्त अशी नावं दिसल्यावर आंतरराष्ट्रीय कारस्थानाचा वास न आला तरच नवल.

दुसरा तर्क बेकायदा जुगाराचा : घोडे, पैजा, रकमा. तिसरा, झग्याची मापं. हा मला फारसा पटण्यासारखा वाटत नाही, पण एका ओळीत 'लायनिंग' शब्द आहे, आणि शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या कानाला तो अस्तरच वाटणार. कुणाला चोरटं प्रेमप्रकरणही दिसलं.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, आणि या प्रकरणातली खरी गोम मला तिथेच दिसते. खिसा लपलेला, म्हणून कागद लपवलेला. कागद लपवलेला, म्हणून मजकूर गुप्त. मजकूर गुप्त, म्हणून कुणीतरी कुणापासून काहीतरी दडवतंय. ही साखळी इतकी सहज जुळते की तिचा पहिलाच दुवा कुणी ओढून पाहत नाही. त्या काळच्या बायकांच्या पोशाखात खिसा पुष्कळदा असा घोळातच असायचा. तो गुप्त नव्हता, नुसता आत होता. आपल्याकडच्या आजीबाई कनवटीला पैसे खोचत, म्हणून त्या हेर ठरत नाहीत.

जुन्या मराठी पत्रांचा मायना आठवा. 'कृ. सा. न. वि. वि.' हे पाहून मराठी माणसाला कोडं पडत नाही. कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पण भाषेचा गंध नसलेल्या माणसाच्या हाती ते पत्र पेटीच्या चोरकप्प्यातून आलं, तर तो त्या पाच अक्षरांवर वर्षभर डोकं फोडू शकेल. कारण त्याने प्रश्नच चुकीचा धरलेला असतो : 'यात काय दडवलंय?' खरा प्रश्न असतो : 'हे एवढं आखूड का केलंय?'

कागदात दिसत असलेलं

पुस्तक हाती नसताना या ओळींतून किती काढता आलं असतं, याचा हिशेब करून पाहिला. बरंच काढता आलं असतं.

बहुतेक ओळींचा पहिला शब्द घ्या. बिस्मार्क, कॅलगरी, हेलेना, ग्रीन बे. ही गावं आहेत. बिस्मार्क हे तेव्हाच्या डकोटा प्रदेशातलं. 'पॉल' म्हणजे मिनेसोटातलं सेंट पॉल, 'अँटोनियो' म्हणजे टेक्ससमधलं सॅन अँटोनियो, 'स्मिथ' म्हणजे आर्कान्सामधलं फोर्ट स्मिथ. नकाशावर टाचण्या टोचत गेलं तर कॅनडाच्या गवताळ प्रदेशापासून टेक्ससपर्यंत पसरतात. जुगाराचा अड्डा किंवा प्रेमप्रकरण एवढ्या मुलखावर पसरत नाही. मग एवढ्या गावांकडून एकाच रात्री बातमी मागवायची गरज कुणाला?

इथे सापळाही आहे. क्यूबा आणि ईजिप्त हीसुद्धा ठिकाणं, पण ती ओळीच्या आत येतात. सुरुवातीचं नाव खरं ठिकाण, आतलं नाव नुसता पुस्तकातला शब्द. हा फरक न केल्यास टाचण्या समुद्रापार जातात आणि पुन्हा हेरकथा सुरू होते.

आता तिसरा शब्द. लीफेज, लोमी, लिनेट, लायनिंग. एकाखाली एक ठेवले की अनेक ओळींत तो 'एल'ने सुरू होताना दिसतो. योगायोग म्हणण्याजोगी गोष्ट नाही ही. याचा अर्थ, ओळीतली प्रत्येक जागा एकेका ठरलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवलेली आहे, जसे वहीतले रकाने. म्हणजे हे पत्र नाही, तक्ता आहे. तक्त्यात माणसं भावना किंवा कट लिहीत नाहीत, मोजमापं लिहितात.

आणि एक ओळ तर अशी : 'मेक इंडपल्स बॅरोमीटर नेराइट.' इंडपल्स म्हणजे इंडियानापोलिस. त्यापुढे कोणताही बुरखा न घेता उभा असलेला शब्द, बॅरोमीटर, म्हणजे वायुभारमापक. सरळ वाचलं तर ही दुरुस्ती आहे : इंडियानापोलिसचा वायुभार चुकला होता, तो 'नेराइट' करा.

एवढं डोळ्यांसमोर असूनही हवामानाकडे जायला इतका काळ लागला. मागून बोलणं सोपं असतं, हे मान्य. चुरगळलेल्या कागदावरचं अक्षर, अर्धे शब्द धड लागत नाहीत. अशा ठिकाणी 'बॅरोमीटर'ही कुणाच्या तरी व्यापारी पुस्तकातला आणखी एक शब्द वाटू शकतो.

प्रत्यक्ष काय केलं गेलं

कोडं सोडवलं वेन चॅन यांनी. ते कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात पृथ्वी-निरीक्षणाच्या केंद्रात माहिती-विश्लेषणाचं काम करतात. संकेत सोडवणं हा पेशा नाही, नाद. २०१८ मध्ये त्यांनी या कागदांना हात घातला.

पहिला निर्णय : पुस्तक शोधायचं. त्यांनी तारसंकेतांची सुमारे १७० पुस्तकं पालथी घातली. एकही जुळलं नाही. काही महिन्यांनी त्यांनी ते बाजूला ठेवलं.

या टप्प्यावर थोडं थांबायला हवं. १७० पुस्तकं पाहणं ही काही चूक नव्हती. ज्याला शोधायचं त्याला हेच करावं लागतं. पण जी पुस्तकं जपली जातात, संग्रहात येतात, ती बहुतांशी व्यापारी. ती हजारांनी छापली गेली आणि विकली गेली. सरकारी खात्याने आपल्या कारकुनांपुरतं छापलेलं पुस्तक बाजारात येत नाही, आलं तर रद्दीत जातं. म्हणजे ढीग मोठा होता, पण हवी ती वस्तू त्या ढिगात असण्याची शक्यताच कमी होती.

दुसरा निर्णय काही वर्षांनंतरचा, आणि माझ्या मते सगळं त्यावर फिरलं. पुन्हा हात घातला तेव्हा चॅन यांनी पुस्तकांची यादी आणखी लांबवली नाही. त्या काळात तारेचा उपयोग कोण, कशासाठी करत होतं, याविषयी ते वाचू लागले. अशा वाचनात एका जुन्या पुस्तकात अमेरिकी सैन्याच्या सिग्नल सेवेच्या हवामान-तारांचा नमुना दिसला. घडण ओळखीची : आधी ठाणं, म्हणजे नोंद घेतली ते ठिकाण, मग ठरलेल्या जागी ठरलेले शब्द.

हवामान आणि सैन्य ही जोडी आज विचित्र वाटते. पण १८७० मध्ये अमेरिकेने हवामानाच्या नोंदींचं काम सैन्याच्या सिग्नल खात्याकडेच दिलं होतं. नागरी खात्याकडे ते १८९१ मध्ये गेलं. कारण साधं : शिस्तीची माणसं सैन्याकडे होती. देशभरच्या ठाण्यांवर एकाच वेळी नोंदी घ्यायच्या, तारेने वॉशिंग्टनला पाठवायच्या, तिथे नकाशावर मांडायच्या. वादळ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं आणि तार त्याच्यापेक्षा वेगाने पोचते, या एका गोष्टीवर अंदाजाचा सगळा डोलारा उभा होता. रोज एवढ्या ठाण्यांकडून एवढे आकडे यायचे, तर शब्द वाचवणं भागच होतं.

(आपल्याकडेही हवामान खातं १८७५चं. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. नवख्याला हे नावही कोडंच वाटतं.)

एकदा दिशा मिळाल्यावर चॅन यांनी अमेरिकेच्या सागरी व हवामान प्रशासनाच्या ग्रंथालयाची मदत घेतली आणि सिग्नल सेवेची संकेतपद्धती मिळवली. मग ओळी उघडू लागल्या.

उलगडा

बिस्मार्क ओमिट लीफेज बक बँक.

बिस्मार्क : ठाणं. ओमिट : हवेचं तापमान ५६ अंश फॅरनहाइट, वायुभार ३०.०८ इंच. लीफेज : दवबिंदू ३२ अंश, नोंद रात्री १० वाजताची. बक : आकाश निरभ्र, पाऊस नाही, वारा उत्तरेचा. बँक : वाऱ्याचा वेग ताशी १२ मैल, सूर्यास्ताच्या वेळी आकाश स्वच्छ.

आपल्या मापात तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्रीसारखं, फक्त कोरडं, दवबिंदू शून्यावर. ठाण्याचं नाव सोडलं तर चार शब्दांत आठ-नऊ नोंदी बसवल्या आहेत. तिसरा शब्द इतक्या ठिकाणी 'एल'ने का सुरू होत होता, तेही इथे उमगतं. ती दवबिंदू आणि वेळ यांची जागा होती, आणि नोंदी एकाच फेरीतल्या.

मग चॅन यांनी आकडे जुन्या हवामान-नोंदींशी ताडून पाहिले. एका ठाण्याचं तापमान अनेक दिवशी सारखं असू शकतं. पण एवढ्या ठाण्यांचे सगळे आकडे जुळणारा दिवस एकच. तो निघाला २७ मे १८८८. उलगड्याचा लेख 'क्रिप्टोलॉजिया' या नियतकालिकात २०२३ मध्ये आला.

मला यातला सर्वांत बळकट भाग हाच वाटतो. हौशी उकल बहुधा इथेच मोडते : अर्थ लागतो, पण तो खरा कशावरून, याला उत्तर नसतं. सुट्या शब्दांतून जुगारही वाचता येतो आणि प्रेमही, कारण अडवणारं कुणी नसतं. इथे बाहेरचा साक्षीदार होता, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी दुसऱ्याच माणसांनी जपून ठेवलेल्या नोंदी. एकही आकडा ओढूनताणून बसवावा लागला असता तर तो लगेच उघडा पडला असता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट अक्षरवाचनाची. संकेत सोडवण्याच्या आधीच वाचन पक्कं झालेलं नव्हतं. एक शब्द एकजण असा वाचतो, दुसरा तसा, आणि मग चुकीच्या वाचनावर तर्कांचे मजले चढतात. मोडी कागद वाचणारे हे चांगलं जाणतात : आधी जसं दिसतं तसं उतरवायचं, शंका असेल तिथे शंका म्हणूनच ठेवायची, अर्थ नंतर. इथेही दोघातिघांनी स्वतंत्रपणे वाचन करून मग ताळा केला असता, तर बरं झालं असतं.

दुसरी, ओळींचा तक्ता मांडणं. हे काम दुपारभराचं. पहिला शब्द पहिल्या रकान्यात, तिसरा तिसऱ्यात. शब्दांकडे न पाहता त्यांच्या जागांकडे पाहिलं असतं, तर 'हे मोजमाप आहे' इथवर पुस्तकाशिवाय पोचता आलं असतं.

तिसरी थोडी नाजूक. चॅन यांची दुसरी फेरी यशस्वी झाली ती आधी हार मानल्यावर. मधली काही वर्षं वाया गेली म्हणावं का? मला तसं वाटत नाही. पहिल्या फेरीने व्यापारी पुस्तकं बाद केली, आणि 'नाही' एवढं खात्रीने कळणं ही मोठी मिळकत असते. मात्र बाद झालेल्या १७० पुस्तकांत सरकारी किती, हा प्रश्न पहिल्याच फेरीच्या शेवटी विचारता आला असता.

जे सुटलं नाही

बेनेट कोण, हे आजही ठरलेलं नाही. सिग्नल सेवेच्या वॉशिंग्टनच्या कचेरीत बायकाही कारकुनी करत असत, त्यामुळे झग्याची मालकीण तिथे काम करत असावी, असा अंदाज बांधता येतो. पुरावा नाही. झगा वॉशिंग्टनहून मेनपर्यंत कसा गेला असेल, किंवा तो मुळात तिथलाच का, हेही मोकळंच आहे.

कागद खिशात का राहिले, यावर माझा एक तर्क आहे, आणि तो अगदी साधा आहे. रात्रीच्या नोंदी आल्या, उतरवल्या, नकाशावर चढल्या. कागदाचं काम संपलं. तो टाकायला टोपली जवळ नव्हती, किंवा घरी जायची घाई होती. चुरगळून खिशात कोंबला. पुढे झगा पेटीत गेला, आणि खिसा झाडायचं राहून गेलं.